डोकीं मोजून शिक्षक, इयत्ता मोजून परीक्षा

महाराष्ट्र सरकारनें 2023 सालीं नियम करून पांचवी व आठवी या इयत्तांस वार्षिक परीक्षेचें बंधन पुन्हां घातलें. अनुत्तीर्ण मुलाची फेरपरीक्षा व्हावी. तींतही तो उतरला नाहीं, तर त्यानें त्याच इयत्तेंत बसावें, असा हा नियम आहे. परीक्षेस आमचा तत्त्वतः विरोध नाहीं. मुलास काय येतें हें न पाहतां त्याला पुढें ढकलीत नेणें ही कांहीं दया नव्हे. परंतु ज्यास पुरतें शिकविलेंच नाहीं, त्यास अनुत्तीर्ण ठरविणें याला न्याय म्हणावें काय?

नंदुरबार जिल्ह्यांतील धडगांवकडे पाहा. अक्राणी तालुक्याचें हें मुख्य ठिकाण सातपुड्यांत आहे. येथें गांव म्हणजे एकवट वस्ती नव्हे, तर डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे; साहजिकच शाळाही लहान लहान. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणें पहिली ते पांचवीच्या 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे मानिले आहेत. शहरांतील भरल्या शाळेस हें माप जाचत नाहीं. पाड्यावरील शाळेंत मात्र दोघांनीं पांच इयत्ता सांभाळावयाच्या!

आतां साधा हिशेब मांडूं. त्याच परिशिष्टांत या इयत्तांसाठीं वर्षास 800 तासांचें अध्यापन सांगितलें आहे. पांच इयत्तांचे झाले 4000 तास. दोन शिक्षकांचे मिळून 1600. म्हणजे प्रत्येक इयत्तेच्या वांट्यास स्वतंत्र असे 320 तास येतात. तेही दोन्ही जागा भरलेल्या असतील आणि कोणी निवडणुकीच्या वा जनगणनेच्या कामास गुंतला नसेल, तर. कारण त्या कामांची सूट कायद्यानेंच ठेविली आहे. शिवाय घरीं पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलास आरंभीं मराठी हीच परकी भाषा. ती शिकविण्याचे तास कोणत्या हिशेबांत धरले?

कोणी म्हणेल, कुशल शिक्षक दोनतीन इयत्ता एकत्र शिकवितो. शिकवितो खरा, मग परीक्षाही एकत्रच कां घेत नाहीं? शिक्षक देतांना डोकीं मोजावयाचीं आणि परीक्षा घेतांना इयत्ता, हा दुटप्पीपणा नव्हे तर काय?

विलायतेंत 1862 सालीं निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. घोकंपट्टी माजली, आणि शतक संपण्यापूर्वींच ती सोडून द्यावी लागली. जोतीराव फुले यांनींही 1882 सालीं हंटर आयोगापुढें सांगितलें होतें कीं, निकालावर पैसा देऊन बहुजनसमाजांत विद्या पसरणार नाहीं; त्यासाठीं सरकारी शाळाच हव्यात. त्या पद्धतींत निदान दंड शाळेस होत असे. आतांच्या नियमांत तो 10-11 वर्षांच्या मुलास होतो. आणि ज्याचे आईबाप मजुरीसाठीं हंगामभर गुजरातेंत जातात, त्या मुलानें एक वर्ष मागें बसणें म्हणजे बहुधा शाळेस कायमचा रामराम ठोकणेंच होय.

म्हणून आमचें म्हणणें स्पष्ट आहे. जेथें इयत्तेमागें शिक्षक नाहीं, तेथें परीक्षा जरूर घ्यावी, पण तिचा निकाल मुलास मागें बसविण्याकडे न लावतां शिक्षक वाढविण्याकडे लावावा. पांच इयत्तांस पांच शिक्षक द्या आणि मग खुशाल कठोर व्हा. तोंवर अशा शाळेंतील अनुत्तीर्णांच्या यादींत पहिलें नांव सरकारचें असलें पाहिजे.