एकाच रांगेतील दोन पदव्या

दहावीचा निकाल लागला की मराठी घराघरांत एकच चर्चा सुरू होते. गुण चांगले असतील तर विज्ञान, बेताचे असतील तर वाणिज्य आणि अगदीच कमी असतील तर कला, ही उतरंड आपण इतकी स्वाभाविक मानली आहे की, मुलाचा कल कोणीकडे आहे हे पाहण्याची गरजही बहुतेक पालकांना वाटत नाही. त्यामागचा हिशेब सरळ असतो : विज्ञानाला नोकरी आहे, कलेला नाही. हा हिशेब कितपत खरा, हे आता तपासले पाहिजे.

विज्ञानाला नोकरी आहे असे म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर आणि अभियंता असतो, बी.एस्सी. झालेला तरुण नसतो. २०२४ साली ‘नीट’ परीक्षेला देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या अधिक आणि त्यांतील जेमतेम निम्म्या सरकारी महाविद्यालयांत. लातूर, कोटा येथील शिकवण्यांसाठी प्रसंगी कर्ज काढणाऱ्या पालकांची मुले मग उरलेला मार्ग म्हणून बी.एस्सी.ला प्रवेश घेतात. या पदवीला बाजारात काय मोल आहे, याचा विचार प्रवेशापूर्वी कोणीच केलेला नसतो.

रसायनशास्त्राच्या पदवीधराला तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ येथील रासायनिक व औषधी कारखान्यांत वाव आहे, हे खरे. पण तेथील गुणवत्ता-नियंत्रण प्रयोगशाळेत ज्या यंत्रावर काम करायचे, ते त्याने महाविद्यालयात बहुधा पुस्तकातील आकृतीतच पाहिलेले असते. भौतिकशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेतलेल्यांना तर पुढे एम.एस्सी., बी.एड. करावे लागते, नाहीतर स्पर्धा परीक्षांची वाट धरावी लागते. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. पात्रता होती कोणत्याही शाखेची पदवी. बँकांच्या आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचेही तेच. वयाच्या पंधराव्या वर्षी ज्यांना आपण दोन वेगळ्या रस्त्यांनी पाठविले, ते बाविसाव्या वर्षी एकाच रांगेत उभे असलेले दिसतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय रोजगार अहवालानुसार, २०२२ साली तरुण पदवीधरांमधील बेरोजगारी २९.१ टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ती ३.४ टक्के होती. अशिक्षिताला मिळेल ते काम करावेच लागते, हे लक्षात घेतले तरी ही तफावत गंभीर आहे. नुसती पदवी, मग ती कोणत्याही शाखेची असो, हाताला काम देत नाही, हाच त्याचा अर्थ.

उलट, कला शाखेच्या विद्यार्थ्याला पदवीसोबत एखादी विद्या खरोखर अवगत असेल, तर त्याची उपेक्षा होत नाही. पुण्यात जर्मन वा जपानी भाषेवर प्रभुत्व मिळविलेल्या तरुणांना माहिती-तंत्रज्ञान आणि वाहन उद्योगांत मागणी आहे. आपल्या दप्तरखान्यांत लक्षावधी मोडी कागद वाचकाची वाट पाहत आहेत. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या जतनासाठी ‘ज्ञान भारतम्’ची घोषणा झाली. हे काम लिपी आणि भाषा जाणणाऱ्यांविना होणार नाही. अशा जागा हजारोंनी नाहीत, हे मान्य. परंतु इतिहासाचा किती पदवीधरांना मोडीची एक ओळ वाचता येते, हा प्रश्न विद्यापीठांनी स्वतःला विचारायला हवा.

उपायांसाठी कायदे शोधावे लागणार नाहीत. शिकाऊ उमेदवारी कायद्यातील २०१४च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही उमेदवारीचे दार उघडले. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाखांमधील भिंती पाडण्याचे ठरविले. रसायनशास्त्राबरोबर जर्मन किंवा इतिहासाबरोबर संगणक शिकण्यास आता धोरणाची आडकाठी नाही. उणीव आहे ती इच्छाशक्तीची आणि प्रामाणिक हिशेबाची. प्रवेशद्वारावर गुणवंतांची छायाचित्रे झळकविणाऱ्या महाविद्यालयांनी एक फलक आणखी लावावा : तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले आमचे विद्यार्थी आज कोठे आहेत, काय काम करतात आणि किती मिळवितात. शाखानिहाय असा फलक लागला, तर पालकांना कोणाच्या सल्ल्याची गरज उरणार नाही.

तोवर पालकांनी एवढे तरी करावे. ‘कोणती शाखा?’ या प्रश्नाआधी ‘या तीन वर्षांत माझा मुलगा, माझी मुलगी नेमके काय करायला शिकणार?’ हे महाविद्यालयाला विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर शुल्क भरण्यापूर्वी थांबावे. तरुणांची उमेदीची वर्षे हे राष्ट्राचे भांडवल आहे. ते चुकीच्या समजुतीपायी रांगेत उभे करून संपविण्याचा अधिकार पालकांना नाही, संस्थाचालकांना नाही आणि शासनालाही नाही.