झाकली मूठ सव्वा लाखाची? छे!

गेल्या शनिवारी आमच्या न्यू जर्सीच्या अड्ड्यावर (माझं बेसमेंट, प्रत्येकी ३० डॉलर, सोबत वहिनीचं भडंग) जे झालं, त्यावर मामेभावाचा निकाल एका शब्दाचा होता : "नशीब!" आणि आता तो म्हणे येणारच नाही. दादा, तू हे वाचणार आहेस हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच लिहितोय.

डाव नो-लिमिट होल्डेमचा. दादाच्या हातात सत्त्यांची जोडी. फ्लॉप आला बदाम राजा, बदाम नव्वी, इस्पिक सत्ती. म्हणजे दादाकडे तीन सत्त्या! हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरा पत्ता साडेआठ वेळांत एकदाच लागतो. आणि दादाने काय केलं? चेक. तिसऱ्या गड्याकडे चौकट राजा होता, त्यानेही चेक. माझ्याकडे बदामाचा एक्का आणि छक्की. मी कशाला बोलतोय? चेक. पुढे किलवर दुर्री आली, पुन्हा सगळे गप्प. शेवटी आली बदाम तिर्री, माझा फ्लश झाला आणि तेव्हा कुठे दादाला कंठ फुटला. पुढचं सांगत नाही.

मी जिंकलो, तरी तक्रार माझीच आहे. कारण ते नशीब नव्हतं, आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेली "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण होती. चांगलं पान आलं की लपवायचं, समोरच्याला गाफील ठेवायचं. ऐकायला फार चतुर वाटतं. पण हिशोब करा की मंडळी!

समजा पॉटमध्ये २ डॉलर आहेत, तुमच्यापुढे २६, आणि समोर एकच गिऱ्हाईक. दर वेळी पॉटएवढी पैज लावली आणि तो येत गेला तर २, मग ६, मग १८. झाले पूर्ण २६. पहिली फेरी गप्प बसलात तर २ आणि ६, म्हणजे ८. दोन फेऱ्या गप्प बसलात तर फक्त २. पॉट चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. पहिला हप्ता चुकला की शेवटचा मोठा हप्ता हातचा जातो.

दुसरं म्हणजे मला फुकट पत्ते मिळाले. फ्लॉपनंतर मला न दिसणारे ४७ पत्ते, त्यांत ९ बदाम. म्हणजे दर पत्त्याला साधारण पाचांत एक संधी. दादाने २ डॉलर लावले असते तर मला ४ मिळवायला २ घालावे लागले असते. त्यासाठी तिनांत एक संधी हवी. मी पत्ते तरी टाकले असते, नाहीतर महाग किंमत तरी मोजली असती. आणि तो राजावाला? तो स्वतः कधी लावत नाही, पण दुसऱ्याने लावलं की सोडतही नाही. आमच्या टेबलावर असे निम्मे आहेत! त्यांच्यापुढे सापळा कसला लावता? सरळ बिल द्या, ते भरतात.

आता कुणीतरी १९८८ ची वर्ल्ड सिरीज काढणारच. जॉनी चॅनने फ्लॉपलाच लागलेला स्ट्रेट लपवला आणि एरिक सायडेल राणीच्या एका जोडीवर सगळे चिप्स घेऊन आत आला. 'राउंडर्स' सिनेमातही ते दृश्य आहे. मान्य. पण तिथे दोघंच खेळत होते, आणि समोरचा स्वतःहून लावणारा होता. शिवाय कधी कधी सगळी चांगली पानं आपल्याच हातात असतात आणि समोरच्याकडे यायला काहीच उरत नाही, तेव्हाही थांबावं. हे अपवाद आहेत, नियम नव्हे.

एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदा येते. आमच्या अख्ख्या रात्रीत एखाद्याला येईलच असं नाही. एवढ्या दुर्मिळ पाहुण्याला दारात ताटकळत ठेवायचं?

मूठ झाकायचीच असेल तर अशी झाका : थाप मारताना जेवढे लावता, तेवढेच भारी पानावरही लावा. मग कोण काय ओळखणार? पत्ते झाका, पैसे नको.

असो. दादा, शनिवारी ये. खुर्ची रिकामी ठेवली आहे. आणि सत्त्या आल्या तर कृपा करून बोल :-)