एका तारखेचा अपुरा जमाखर्च

दिनविशेषाच्या नोंदी बहुधा एका ओळीच्या असतात. कोण कधी जन्मला, कोण कधी पहिला ठरला, एवढे सांगून त्या मोकळ्या होतात. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासात १५ एप्रिल ही अशीच एक तारीख आहे. १९४७ साली त्या दिवशी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड मैदानावर २८ वर्षांचा जॅकी रॉबिन्सन डॉजर्स संघातर्फे उतरला आणि विसाव्या शतकात मेजर लीगमध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. ही नोंद खरी आहे. परंतु ती अपुरी आहे.

‘विसाव्या शतकात’ हे शब्द येथे उगाच आलेले नाहीत. मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू १८८४ सालीच टोलीडोच्या संघातून मेजर लीगमध्ये खेळला होता. म्हणजे दार मुळात उघडे होते. ते नंतर बंद केले गेले. त्यासाठी कोणताही लेखी नियम करावा लागला नाही. संघमालकांची मूक संमती पुरेशी ठरली. लेखी अन्यायाविरुद्ध दाद तरी मागता येते. अलिखित अन्यायात जबाबदार कोण, हेच ठरत नाही.

रॉबिन्सनला करारबद्ध करणाऱ्या ब्रँच रिकी यांच्या धैर्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या लीगमधील संघातून त्यांनी रॉबिन्सनला घेतले, त्या संघाला त्यांनी एक डॉलरही दिला नाही. रूब फॉस्टर यांनी १९२० साली स्थापन केलेल्या निग्रो नॅशनल लीगचे नाव पुढे चालविणारी संघटना १९४८ च्या हंगामानंतर बंद पडली. खेळाडूंना प्रवेश मिळाला. त्यांना घडविणाऱ्या संस्थांना मिळाला नाही.

प्रवेशही किती संथ होता! मेजर लीगमधील १६ संघांपैकी बोस्टन रेड सॉक्स या शेवटच्या संघाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरविला तो १९५९ साली. तोवर रॉबिन्सन निवृत्तही झाला होता. संघाचा कारभार कृष्णवर्णीय मॅनेजरच्या हाती आलेला पाहण्याची इच्छा त्याने ऑक्टोबर १९७२ मध्ये जाहीरपणे बोलून दाखविली आणि त्यानंतर नऊ दिवसांनी त्याचे निधन झाले. असा मॅनेजर क्लीव्हलँडमध्ये फ्रँक रॉबिन्सनच्या रूपाने आला, तेव्हा १९७५ साल उजाडले होते.

१९९७ साली रॉबिन्सनचा ४२ हा क्रमांक सर्व संघांनी त्याच्या सन्मानार्थ राखून ठेवला. २००९ पासून दर १५ एप्रिलला सारेच खेळाडू तो क्रमांक पाठीवर धारण करतात. कोणी म्हणेल, स्मरण होते हे काय थोडे आहे? थोडे नाही, हे मान्य. पण समारंभ जेव्हा हिशेबाची जागा घेतो, तेव्हा स्मरणाच्या आडून विस्मरणच साधले जाते. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९५० नंतर असे प्रथमच घडले.

याहून खरे स्मरण घडले ते २०२४ साली. त्या वर्षी निग्रो लीगमधील कामगिरी मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली आणि फलंदाजीच्या .३७२ या सरासरीने जॉश गिब्सन टाय कॉबला मागे टाकून अग्रस्थानी आला. हा गिब्सन मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नव्हता. जानेवारी १९४७ मध्ये, म्हणजे त्या ऐतिहासिक तारखेच्या अवघे तीन महिने आधी, वयाच्या ३५ व्या वर्षी तो निवर्तला.

दार उघडले त्या दिवसाचा उत्सव अवश्य व्हावा. परंतु ते किती वर्षे आणि कोणी बंद ठेवले, हेही त्याच नोंदीत लिहिले गेले पाहिजे. एरवी न्याय ही दार उघडणाऱ्याने केलेली कृपा वाटू लागते आणि बाहेर आयुष्य संपलेल्यांची नावे कोणत्याच तारखेखाली येत नाहीत.