स्कुटी म्हणजे बंडी नव्हे



आज तुडतुडा-करप्याचं नाही, गाडीचं बोलतो. हलका धान कापून झाला, मळणी सुरू आहे आणि बांधीवरून घरी कट्टे स्कुटीवर येताना रोज दिसतात. एक पाय ठेवायच्या जागी, एक मागच्या सीटवर. माझं मत स्पष्ट आहे, हे बंद करा.

स्कुटीला गिअर नाही म्हणतो आपण, पण गिअरचं काम तर होतंच. डावीकडच्या लांब डब्यात दोन पुल्या आणि एक रबरी बेल्ट असतो. वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, बेल्ट वर चढतो आणि गाडी पळते. मागचा क्लचही आपोआपच पकडतो. मोटरसायकलवर ओझं असलं की आपण पहिला गिअर टाकतो. इथं तो आपल्या हातात नाही. ४० किलोचे दोन कट्टे, वर आपण, आणि पांदणीचा चिखल. अशात ॲक्सिलरेटर पिळला की क्लच पुरता न पकडता घासत राहतो. जळका वास येतो तो त्याचाच. त्याच गरमीनं बेल्टला भेगा पडतात.

आणि बेल्ट तुटतो तेव्हा गाडीवर धान असेलच असं नाही. सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या जंगल रस्त्यानं कॉलेजहून येणारी पोरगी असते, नाहीतर आशाताई. इंजिन चालू राहतं, पण चाक फिरत नाही. किक मारा, धक्का द्या, उपयोग शून्य. वाघाचा भाग, सांजवेळ, मोबाईलला रेंज नाही. कट्टे वाहतो आपण, अडकतात त्या. हा हिशेब मला पटत नाही.

चार कट्ट्यांसाठी ट्रॅक्टर परवडत नाही, हे खरं आहे. म्हणून शेजारच्या तीन-चार बांध्यांचा माल मिळून एकच खेप करा. ज्यांच्याकडे बैलबंडी आहे त्यांनी तर स्कुटीला हातच लावू नये!

बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं. आपल्याकडे धूळ आणि भुसा फार, म्हणून डबा त्याआधीच एकदा उघडून साफ करून घ्या. मागच्या चाकाजवळ वेगळं गिअर ऑइल असतं, जेमतेम शंभर-सव्वाशे मिली. ते बदलायचं मेकॅनिककडून राहून जातं, तुम्ही विचारा. चढावर थांबलात तर ॲक्सिलरेटरवर गाडी धरू नका, ब्रेक दाबा. नाल्याच्या पाण्यातून गेल्यावर गाडी नुसती गुरगुरली, पुढे सरकली नाही, तर पिळू नका. बेल्ट ओला होऊन घसरतो आहे, डबा वाळू द्या.

बॅटरीही पाहून घ्या. स्कुटी धक्का देऊन सुरू होत नाही, आणि २०२० नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत बॅटरी पार बसली तर किकचाही भरवसा नाही.

सामायिक खेप करायची असेल त्यांनी गावाचं नाव आणि किती कट्टे, एवढं याच नंबरवर रविवारपर्यंत कळवा. एका बाजूच्या गावांची यादी जुळवून देतो.

– आपला कृषी सल्लागार