तपकिरी मोजा कुणी पाहिला?

मराठी समीक्षेला 'वीण' हा शब्द फार प्रिय आहे. कादंबरीची वीण घट्ट असते, कथेची सैल पडते, नाटकाचे धागे शेवटच्या अंकात विस्कटतात. हे लिहिणाऱ्यांपैकी कितींनी दोन सुया हाती धरून वीस टाके घातले असतील, हे विचारणे शिष्टसंमत नाही. तरी आम्ही ते विचारतो. ज्या व्यवहारातून रूपक उचलायचे तोच व्यवहार बुद्धिहीन मानायचा, हे आम्हांला आता सहन होईनासे झाले आहे. 'कुणीतरी लिहिलेले सुलट-उलट मोजत जायचे, त्यात निर्मिती कुठली?' असे अध्यापक-कक्षात सहज बोलले जाते. तयार सिद्धान्ताचा नमुना ओळीमागून ओळ गिरवलेल्या प्रबंधांना मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्यांना आपण पदव्या देतो.

व्हर्जिनिया वुल्फच्या 'टु द लाइटहाउस'मधील (१९२७) मिसेस रॅम्झी दीपगृहाच्या रखवालदाराच्या आजारी मुलासाठी मोजा विणते आणि आपल्या जेम्सच्या पायाला लावून पाहते. जेम्स चुळबुळतो. मोजा आखूड भरतो. एरिक आउअरबाख यांनी 'मिमेसिस'च्या (१९४६) शेवटच्या प्रकरणाला याच तपकिरी मोज्याचे नाव दिले. जाणिवेच्या आणि काळाच्या हाताळणीविषयी त्यांनी तेथे जे लिहिले, ते आम्हीही आदराने शिकवतो. पण मोजा कुणी पाहिला? समोर नसलेल्या पायाचा अंदाज समोरच्या पायावरून बांधणे, हा विचारच आहे. डिकन्सची मादाम दफार्ज तर स्वतःच्या टाक्यांची नि खुणांची लिपी करून शत्रूंची नावे विणते. आपण परीक्षेत तिच्यावर 'नियतीचे प्रतीक' एवढीच टीप विचारतो.

ज्यांना ही कैफियत भाबडी वाटते त्यांनी एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) वाचाव्यात. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थिरावलेल्या आणि 'निटिंग विदाउट टिअर्स' (१९७१) लिहिणाऱ्या या बाईंनी विणणाऱ्यांच्या हाती हुकमांऐवजी प्रमाणे दिली. आधी आपल्याच लोकरीचा तुकडा विणा, इंचात किती टाके बसतात ते मोजा. पाच बसले आणि घेर ४० इंच हवा, तर २०० टाके. मनगटाला त्याचे २० टक्के, म्हणजे ४०. गळ्याला ४० टक्के, म्हणजे ८०. पुढचे तुमचे तुम्ही ठरवा. आपण नवा शोध लावला असा त्यांचा दावा नसे. त्यासाठी त्यांनी 'अनव्हेन्ट' असा शब्द वापरला: कुणीतरी, कुठेतरी हे आधी विणलेच असणार, आपण ते उकरून काढतो. (मौलिकतेवरच्या आपल्या परिसंवादांत इतकी नम्रता क्वचितच आढळते.)

छापील नमुन्यावरून विणण्यात कमीपणा आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्यावरूनच हात बसतो. पण स्वतः आखण्याचा आनंद निराळा असतो. तो बराचसा चिडचिडीतून येतो. आमच्यापैकी एकीने साडीचा नारळी काठ स्वेटरच्या घेरावर आणायचे ठरवले. चौकटीच्या कागदावर त्रिकोण ऐटीत उभे राहिले, लोकरीत मात्र बसकट झाले. कारण सुलट टाका उंचीपेक्षा रुंद असतो, आणि कागदावरची चौकट चौरस. तिने ओळी वाढवल्या. मग बारा टाक्यांचा त्रिकोण २००मध्ये बसेना, आठ टाके उरू लागले. पुन्हा उसवले. दहाचा केला, वीस त्रिकोण नेमके बसले. त्या रात्री, घरातले सगळे झोपलेले असताना, ती एकटीच हसली म्हणे.

तो स्वेटर घालून ती विभागात आली तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी काठ निरखून मनापासून दाद दिली आणि विचारले, "सुरेखच! कुठल्या पुस्तकातला?"