तिसऱ्यांदा उगवणारा दात

अमरकोशांत 'द्विज' या शब्दाचे तीन अर्थ आहेत: ब्राह्मण, पक्षी आणि दात. पहिल्याची मुंज होते, दुसरा अंड्यांतून पुनः जन्मतो आणि तिसरा दुधाचा पडून पक्का येतो. वर्गांत हा शब्द आला कीं मागल्या बाकावरील एखादा मुलगा हटकून विचारी, "गुरुजी, पक्काहि पडला तर?" मी त्यास दटावून खालीं बसवीत असें. आज तोच प्रश्न आमच्या घरांत येऊन बसला आहे, तेव्हां वाचकांची क्षमा मागून या महिन्यांत दातांविषयींच लिहितों.

प्रश्न एकदम तीन दातांचा निघाला. धाकट्या बंधूंचा नातू, वय 14, क्रिकेट खेळतांना वरचा पटाशीचा दात मुळासकट गमावून आला. आमची नात, वय 17, हिला पटाशीशेजारचा एक दात जन्मतःच आलेला नाहीं. तिसऱ्याविषयीं पुढें लिहितों. घरांतहि तो पुढेंच केव्हां तरी निघाला.

चिरंजीवांनीं पडलेला दात कागदांत गुंडाळून दुसऱ्या दिवशीं दाखविला. येथें एक गोष्ट सर्व आयाबायांनीं ध्यानांत ठेवावी. मुलाचा पक्का दात असा निखळला तर तो मुळाकडे न धरतां वरच्या, म्हणजे चावण्याच्या बाजूनें उचलावा, तत्काळ जागीं बसवावा, आणि तें न साधल्यास दुधांत घालून मुलासह दंतवैद्याकडे धांव घ्यावी. अर्ध्या-एक तासांत पोंचल्यास तोच दात पुनः धरण्याचा पुष्कळ संभव असतो. आमच्याकडे तो दात सुकून गेला होता.

तेव्हां त्या मुलाच्या आईनें, आमच्या सूनबाईंनीं, 'इम्प्लांट'चा विषय काढला. हाडांत टिटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू बसवावयाचा, तो हाडाशीं एकजीव झाला कीं त्यावर दाताची टोपी चढवावयाची, अशी ही क्रिया आहे. स्वीडनमधील ब्रोनेमार्क नांवाच्या संशोधकास 1952 च्या सुमारास सशाच्या हाडांत बसविलेलें टिटॅनियमचें उपकरण काढतां येईना. हाडानें तें घट्ट धरून ठेविलें होतें. या अडचणींतूनच पुढची विद्या निघाली. 1965 सालीं ज्या पहिल्या रोग्याच्या जबड्यांत त्यांनीं असे स्क्रू बसविले, त्याला ते 2006 मध्यें मृत्यु येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, पुरले.

"मग काका, सुट्टीतच उरकून टाकूं," सूनबाई म्हणाल्या. दंतवैद्यांनीं साफ नकार दिला, आणि त्याचें कारण मला फार मार्मिक वाटलें. खरा दात व हाड यांच्यामध्यें तंतूंचा एक मऊ थर असतो, त्यामुळें जबडा वाढतो तसा दातहि त्याच्याबरोबर सरकतो. स्क्रू मात्र हाडांत रुतलेला. तो हलत नाहीं. अंगणांत वर्षानुवर्षें भर पडत गेली म्हणजे जुन्या तुळशीवृंदावनाचा चौथरा जसा बुडत जातो, तसा वाढत्या मुलाच्या तोंडांतला असा दात शेजाऱ्यांच्या मानानें आखूड होत जातो.

वयाचा व स्त्रीपुरुषभेदाचा संबंध पहिल्यानें येथें येतो. मुलींची वाढ लवकर आटोपते, बहुधा सोळा-सतराव्या वर्षीं. मुलांची अठरा-वीसपर्यंत, कधीं त्याहूनहि पुढें चालते. परंतु जन्मपत्रिका पाहून हें ठरवीत नाहींत. वर्षाच्या अंतरानें चेहऱ्याचीं दोन क्ष-किरण चित्रें घेऊन ताडून पाहतात, आणि फरक नसेल तरच पुढें जातात. त्यामुळें नातवाला चार-सहा वर्षें थांबणें प्राप्त आहे. तोंवर शेजारच्या दाताच्या मागल्या अंगास पातळ पट्टीनें चिकटविलेला खोटा दात त्याला दिला आहे. दरम्यान तेथील हाड झिजणार, कदाचित् पुढें हाडाची भर घालावी लागणार, हेंहि वैद्यांनीं लपविलें नाहीं.

नातीच्या बाबतींत घरांतील वडील बायकांना घाई फार. "चारचौघांत हसली कीं खिंड दिसते," हा त्यांचा मुद्दा. नात म्हणाली, "आजोबा, दिसूं दे कीं! मला दुसरें चित्र निघेपर्यंत थांबायचें आहे." तिचें पहिलें चित्र निघालें आहे, दुसरें पुढल्या वर्षीं. मला तिचा अभिमान वाटला, हें लिहून ठेवतों.

म्हातारपणाला मात्र वरची मर्यादा नाहीं. साठी-सत्तरींतहि हाड स्क्रूला नीट धरतें. अडथळा येतो तो आटोक्यांत नसलेल्या मधुमेहाचा, जबड्यावर किरणोपचार झाले असल्यास त्यांचा, आणि आम्हां पुरुषांच्या तंबाखू-विडीचा. पुरुषांत दात टिकतो व स्त्रियांत टिकत नाहीं असेंहि कांहीं नाहीं. मीं स्वतः दोन वर्षांपूर्वीं, चौसष्टाव्या वर्षीं, खालची एक दाढ अशी बसवून घेतली, आणि खर्च थोडा नसतांहि घरांत कोणी 'कशाला' म्हणून विचारलें नाहीं.

आतां तिसरा दात. यज्ञांत पूषन् देवाला पिठाचा मऊ हविर्भाग देतात, कारण त्याला दात नाहींत. ही कथा मीं कित्येक वर्षें मुलांना रंगवून सांगितली. परंतु आमच्या मंडळी वर्षभर आमटींत पोळी कुस्करून, एकाच बाजूनें जेवीत होत्या, तें माझ्या समोरच्या पानावर असून मला दिसलें नाहीं. नातीनें दाखवून दिलें. विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, "अहो, माझी दाढ जाऊन वर्ष झालें. आतां या वयांत कशाला? तुमचें वेगळें, तुम्हांला सभेंत बोलायचें असतें." यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मी त्यांना दंतवैद्यांकडे घेऊन गेलों.

तेथें पहिलाच प्रश्न आला, "हाडांसाठीं कांहीं गोळी घेतां का?" मी 'नाहीं' म्हणणार, तों त्या म्हणाल्या, "सोमवारची घेतें." तीन वर्षें दर सोमवारीं चहापूर्वीं पेलाभर पाणी पिऊन त्या ओसरीवरील खुर्चीत अर्धा तास ताठ बसतात, तें मी कांहीं तरी व्रत समजत होतों! पाळी गेल्यावर स्त्रियांचीं हाडें ठिसूळ होतात, त्यावर ही आठवड्याची गोळी असते. घेतल्यावर आडवें होतां येत नाहीं. हाडें ठिसूळ असणें ही या क्रियेस बंदी नव्हे. परंतु या जातीच्या औषधानें क्वचित् जबड्याची जखम भरत नाहीं, म्हणून तें किती वर्षें चाललें आहे हें दंतवैद्यास आधीं सांगावें लागतें, आणि आपल्याच मनानें तें बंदहि करावयाचें नसतें.

दोन्ही वैद्यांचें आपसांत बोलणें झालें आहे. धोका थोडा आहे, करण्यास हरकत नाहीं, असें ठरलें. तारीख गणपतीनंतरची घेतली. मोदकांची उकड दुसऱ्या कोणास साधत नाहीं, असें मंडळींचें म्हणणें. नारळ खवण्याचें काम यंदा मीं पत्करलें आहे.