पाय कामगाराचे, पसंती पर्चेस खात्याची

राष्ट्रीय सुरक्षा दिन ४ मार्चला येतो, कारण १९६६ मध्ये त्याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत हा आठवडा जोरात साजरा होतो. गेटवर फलक लागतात, सामूहिक शपथ होते, घोषवाक्य स्पर्धेची बक्षिसं वाटली जातात आणि काही ठिकाणी याच मुहूर्तावर नवे सेफ्टी शूज हातात पडतात. मार्चमध्ये कुठलाही बूट चांगलाच वाटतो. रस्ता कोरडा, फरशी कोरडी, मोजेही कोरडे. बुटाची खरी परीक्षा जूनमध्ये होते आणि तोवर पुरवठादाराचं बिल पास झालेलं असतं.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे बजाज आणि टेल्को आल्या, मग कारखानदारी नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत सरकली. महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांच्या प्रकल्पांभोवती सुट्या भागांच्या लहानमोठ्या कंपन्यांचं जाळं विणलं गेलं. या जाळ्यातला कामगार मोशी, चिखली, आळंदी, राजगुरुनगर अशा ठिकाणांहून दुचाकीवर येतो. कंपनीची बस मिळते ती बहुधा कायम कामगाराला. ठेकेदाराकडच्या हेल्परला आणि ट्रेनीला स्वतःची गाडी किंवा शेअर रिक्षा. नाशिक महामार्गावर किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावर पावसाळ्यात ट्रॅफिक तुंबलं, की खड्ड्यातल्या पाण्यात पाय टेकतटेकत पुढे सरकावं लागतं. पायात तेच कंपनीचे बूट असतात. शिफ्ट सुरू होते तेव्हा ते आतून भिजलेले असतात आणि पुढचे आठ तास पायातच राहतात.

त्यात एक बारकावा आहे, जो पर्चेसच्या टेबलावर कुणाला सुचत नाही. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाने पडतो. त्यामुळे डाव्या बुटाचं वरचं चामडं रोज घासतं, आधी रंग जातो, मग तिथूनच पाणी झिरपू लागतं. उजवा बूट धडधाकट आणि डावा फाटका, अशा जोड्या या पट्ट्यात मुबलक सापडतील. रस्त्याकडेला मिळणारी प्लॅस्टिकची बूटकव्हरं वरून चढवली तर ती फूटरेस्टवर फाटतात आणि ओल्या डांबरावर पाय टेकताना घसरतात.

ओल्या बुटांचा पहिला हप्ता म्हणजे चिखल्या. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, सोलवटते, खाजते, मग चिरते. आठ तास उभं राहून काम करणाऱ्याला ही चिरही पुरेशी असते. मधुमेह असेल आणि पायाची संवेदना कमी झाली असेल, तर ती चिर जखम होईपर्यंत कळतही नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४च्या हिवाळ्यात, फ्रान्समधल्या चिखलाने भरलेल्या खंदकांत ब्रिटिश फौजेचे हजारो सैनिक पाय सडल्यामुळे निकामी झाले. त्यावरचा उपाय साधाच निघाला. रोज पाय कोरडे करणं, मोजे बदलणं आणि अधिकाऱ्याने स्वतः सैनिकांचे पाय तपासणं. चाकणला बर्फ पडत नाही, पण पाय कोरडे आहेत का हे विचारण्याचं काम इथे कुणाकडेच नाही. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत प्रेसखाली बोटं गमावणाऱ्या कामगारांची नोंद निदान त्यामुळे होते. चिखल्यांना मात्र अपघात म्हणत नाहीत, म्हणून त्या कुठल्याच रजिस्टरात नसतात.

बर्फाळ देशांत बूट निवडणं हा थट्टेचा विषय नाही. जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी १९५९ मध्ये क्वेबेकमध्ये स्की-डू ही बर्फावर धावणारी हलकी गाडी बाजारात आणली. तिच्यावर बसणाऱ्याचे पाय हालत नाहीत, समोरून वारा लागतो आणि बुटावर उडालेला बर्फ इंजिनाच्या उबेने वितळतो. म्हणून तिथल्या बुटात नमद्याचं अस्तर वेगळं काढता येतं. रात्री ते बाहेर काढून वाळवायचं, जमल्यास दुसरं जवळ ठेवायचं. त्याआधी १९१२ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात लिऑन बीन या दुकानदाराने खाली रबर आणि वर चामडं असा शिकारी बूट काढला. पहिल्या शंभर जोड्यांपैकी नव्वद शिवण उसवून परत आल्या. त्याने पैसे परत केले, बूट सुधारला आणि पुन्हा विकला. तक्रार थेट बूट घालणाऱ्याकडून बनवणाऱ्याकडे गेली, म्हणून ती सुधारणा झाली. इथे बूट घालणारा एक, निवडणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा. आपल्याकडे खुद्द सियाचीनमध्येही हे घडलं. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात नोंद आहे, की नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात जवानांना नवे बहुउद्देशीय बूट मिळाले नाहीत आणि जुनेच दुरुस्त करून वापरावे लागले. फाइल हलली नाही की पाय गारठतात.

आता कुणी म्हणेल, मग सगळ्यांना वॉटरप्रूफ बूट द्या. इथे थोडं थांबायला हवं. महागड्या बुटांत जो पातळ पडदा असतो तो बाहेरचं पाणी अडवतो आणि आतली वाफ बाहेर जाऊ देतो. ही वाफ बाहेर पडते ती आतली हवा दमट आणि बाहेरची कोरडी असेल तेव्हा. जुलैतल्या चाकणमध्ये, फर्नेसच्या किंवा वॉशिंग मशीनच्या शेजारी, बाहेरची हवाही तितकीच दमट. घाम आत साठतो आणि पाऊस न लागताही पाय ओला होतो. शिवाय घोट्यावरून एकदा पाणी आत शिरलं तर तेच अस्तर ते आत धरून ठेवतं. थंड देशाचा उत्तम बूट इथे तसाच्या तसा आणून चालणार नाही.

मग निवडायचं कशावरून? बुटाच्या जिभेवर छापलेल्या अक्षरांवरून. भारतीय मानक आयएस १५२९८ च्या दुसऱ्या भागात सेफ्टी शूजचे वर्ग ठरवले आहेत. बोटांवरची टोपी या सगळ्यांत सारखीच असते. २०० ज्यूलचा आघात, म्हणजे साधारण मीटरभर उंचीवरून पडलेलं वीस किलोचं वजन, तिने सोसलं पाहिजे. फरक पुढे सुरू होतो. एसबी आणि एस-१ वर्गात वरच्या चामड्याची पाण्याची चाचणी होतच नाही. एस-२ मध्ये होते. एस-३ मध्ये त्याशिवाय तळव्यात खिळा घुसू न देणारा थर आणि खाचांचा सोल असतो. सीएनसी शॉपमध्ये फरशीवर कूलंट सांडलेलं असतं, त्यात लोखंडी चिप्स पडलेल्या असतात, तिथे एस-३ खेरीज दुसरं काही देणं म्हणजे नुसती हजेरी लावणं. तरीही खरेदीच्या मागणीत बहुधा एवढंच असतं: सेफ्टी शूज, काळे, आयएसआय. मानक पाळलं जातं, पाय ओलाच राहतो.

सोलची गोष्ट तर आणखी वेगळी. बहुतेक स्वस्त बुटांचा सोल पॉलीयुरेथेनचा असतो. हलका, मऊ, चालायला सुखाचा. पण त्याचा एक प्रकार दमट हवेत हळूहळू तुटत जातो, मग बूट वापरा किंवा न वापरा. स्टोअरमध्ये दोनेक पावसाळे काढलेल्या खोक्यातला कोरा बूट काढून घातला आणि संध्याकाळपर्यंत सोलचा बिस्किटासारखा चुरा झाला, हा अनुभव स्टोअरकीपरला नवा नाही. तेव्हा बुटावर छापलेला उत्पादनाचा महिना बघून घ्यावा. स्वस्तात मिळतो म्हणून दोन वर्षांचा साठा करणं अंगलट येतं. ओतकामात जिथे पायाखालची जमीन तापलेली असते तिथे रबराचाच सोल हवा. एचआरओ ही खूण असलेला सोल ३०० अंशांचा स्पर्श मिनिटभर सोसतो.

उबदार बुटाची गरज या पट्ट्यात अगदीच नाही असंही नाही. चाकण हे कांदा-बटाट्याचं जुनं बाजारगाव, आणि बटाटा शीतगृहात दोन ते चार अंशांवर ठेवतात. गोठवलेल्या मालाच्या कोठीत पारा उणे १८ च्या आसपास असतो. तिथे पोती आणि खोकी हलवणाऱ्याच्या पायात साधे गमबूट किंवा उन्हातले सेफ्टी शूज असतील, तर गारठा थेट बोटांपर्यंत पोहोचतो. अशा ठिकाणासाठी सीआय ही खूण आहे. उणे १७ अंशांत अर्धा तास ठेवल्यावर बुटाच्या आतलं तापमान दहा अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नये, अशी ती चाचणी. जाड मोजे चढवून घट्ट बुटात पाय कोंबणं हा उपाय मात्र उलटा पडतो. रक्त फिरेनासं झालं की पाय आणखी गार पडतो.

मापाचा प्रश्न बायकांच्या बाबतीत जास्त टोचतो. टाटा मोटर्सच्या पुणे प्रकल्पात हॅरिअर आणि सफारी गाड्यांची जोडणी महिलांचा चमू करतो, हे एव्हाना सर्वांना ठाऊक आहे. लहान कंपन्यांच्या असेंब्ली आणि पॅकिंगमध्येही बायका मोठ्या संख्येने आहेत. पण पुरवठादाराच्या खोक्यांत पुरुषांची मापं पाच-सहापासून सुरू होतात. चार नंबरच्या पायाला सहाचा बूट आणि पुढे कापसाचा बोळा! चामडं वापरून सैल होतं, पोलादी टोपी होत नाही. म्हणून माप लहान निघालं तर ‘घालून घालून बसेल’ हे सांगणं खोटं असतं. माप घ्यायचं तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोजे घालून घ्यावं.

पैशाचा मुद्दा टाळण्यात अर्थ नाही. घाऊक खरेदीत चारशे-पाचशे रुपयांपासून जोडी मिळते, बऱ्यापैकी एस-३ बुटाला दोन-अडीच हजार पडतात. मोठ्या कंपन्या पुरवठादारांकडून दरवर्षी भाव कमी करून मागतात, तेव्हा भोसरीतला छोटा कारखानदार बुटावर हात आखडता घेतो, यात फक्त त्याची कंजुषी बघणं अन्यायाचं होईल. पण काही ठेकेदार पहिल्या पगारातून बुटांचे पैसे कापतात, ते मात्र सरळसरळ बेकायदा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ११४ नुसार अशा साधनांसाठी कामगाराकडून पैसे घेता येत नव्हते, आणि कामगाराच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेलाही येत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. सुरक्षेसाठी केलेल्या व्यवस्थेचा भार कर्मचाऱ्यावर टाकू नये, हे तिच्यातही आहे. पगाराच्या पावतीवर ‘शूज’ नावाची वजावट दिसली तर मूळ कंपनीच्या एचआरने ती ठेकेदाराचा अंतर्गत मामला म्हणून सोडून देऊ नये.

एकाच जोडीवर पावसाळा काढणं अशक्य आहे. भिजलेलं चामडं सावलीत नीट वाळायला दीड-दोन दिवस लागतात. सायलेन्सरला टेकवून किंवा हीटरपुढे ठेवून घाई केली तर ते तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि ते दर काही तासांनी बदलावेत. कालच्या अग्रलेखाचा याहून थेट उपयोग क्वचितच होत असेल. पण हे सगळं दुसरी जोडी असेल तरच. दोन जोड्या आलटूनपालटून वापरल्या तर दोन्ही जास्त टिकतात, म्हणजे वर्षाचा खर्च दुप्पट होत नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही. बुटांची ऑर्डर एप्रिलमध्ये निघावी आणि माल मेअखेर हातात यावा. मागणीपत्रावर शॉपनुसार वर्ग लिहिलेला असावा, मशीन शॉपला एस-३, शीतगृहाला सीआय, आणि चार नंबरपासूनची मापं. मान्यता देण्याआधी तीन-चार नमुने प्रत्यक्ष लाइनवरच्या कामगारांना पंधरा दिवस घालायला द्यावेत, त्यात किमान एक दुचाकीवरून येणारा आणि एक बाई असावी. गेटजवळ लॉकर असेल तर रस्त्यावरचं पाणी चपलेनेच झेलता येतं आणि कामाचे बूट कोरडे राहतात. ठेकेदाराच्या करारात बुटांची रक्कम दरडोई मजुरीत मिसळू नये. ती वेगळ्या ओळीत, वाटाघाटीबाहेर ठेवावी, म्हणजे निविदा स्वस्त करण्यासाठी आधी तिथेच कात्री लागणार नाही.